अकरा वर्षांचे केसपेपर

ता. ४ जून

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट काल मिळालं. आत पत्र, यांचं नवं निळं कार्ड आणि कंपनीचा छापील फॉर्म. तिकीट कमी लावलं होतंस, दंड मी भरला. सरकारी इस्पितळात कारकून असून टपालाचे दर ठाऊक नसावेत का रे? आणि हल्ली आम्ही डायलिसिसला येतो तेव्हा रेकॉर्डच्या खोलीतून बाहेर येत नाहीस, पाकिटं धाडतोस.

फॉर्म दोनदा वाचला. इस्पितळ कंपनी चालवणार, पण जुन्या रुग्णांना सगळं फुकटच, हे मोठ्या अक्षरात. मागे बारीक अक्षरात, जुने केसपेपर जमा करा. यांचे अकरा वर्षांचे कागद मी तारीखवार दोऱ्यात ओवलेत. ते कशाला हवेत? हे हसतात, म्हणतात, देव सोडून तुझा कुणावरच भरवसा नाही. नसेल.

माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

ता. ८ जून

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

दंडाबद्दल कान पकडतो. कागद कॉम्प्युटरवर चढवायचेत, बाकी काही नाही. माणूस येईल, त्याच्याकडे गठ्ठा दे. सगळे देताहेत. आमच्यातले निम्मेच लोक कंपनी ठेवणार. गठ्ठे गोळा करायचं काम साहेबांनी विश्वासाने माझ्यावर टाकलंय. सख्ख्या बहिणीनेच अडवलं तर तोंड कुठे दाखवू? भाऊजींची खिडकीजवळची खुर्ची कुठे जात नाही.

रागावलीस तरी पत्र लिही.

तुझा भाऊ

ता. १२ जून

चि. भाऊस आशीर्वाद.

माणूस येऊन गेला. पाणी दिलं, पावती मागितली. पावती नसते म्हणाला. मग मीही गठ्ठा दिला नाही.

समोरच्या शिवणवालीने तिचा गठ्ठा दिला होता. इस्पितळात तिच्या विभागात कालपासून कंपनीची खिडकी सुरू झाली. जुन्या रुग्ण आहात तर केसपेपर दाखवा म्हणाले. तुम्हीच नेलात, ही म्हणाली. मग पावती दाखवा म्हणाले. बिचारी नवी रुग्ण म्हणून पैसे भरून आली. तिच्या कार्डावर 'पूर्वीची नोंद नाही' असा शेरा आहे, खाली सही तुझी. ती लांब शेपटीची सही पाटीवर मीच तुझ्याकडून गिरवून घेतली होती.

तुला ठाऊक होतं का, ते विचारत नाही. खरं तू लिहिणार नाहीस आणि खोटं माझ्याने वाचवणार नाही. सोमवारी डायलिसिसच्या विभागात ती खिडकी उघडेल. यांना घेऊन मी रांगेत असेन. गठ्ठा दाखवीन, हातातून सोडणार नाही. यांच्या कार्डावर तू काय लिहिणार, तेवढं उलट टपाली कळव. तिकीट पुरेसं लाव.

ताई