शेडमधून घरातला टीव्ही

सोमवार, ९ मार्च. सार्वजनिक सुट्टी.
सुट्टी असूनही कामाला लागलो. रिटायर माणसाला कसली सुट्टी, असं लोरेन म्हणाली. बायकोला प्रत्येक गोष्टीवर बोलावंच लागतं.

काम असं. रविवारी सासूबाईंचा, म्हणजे एनिडचा, वाढदिवस. सासरे लेस तरुणपणी बर्नी गावच्या जत्रेत लाकूडतोडीच्या शर्यतीत पहिले आले होते, त्याची फिल्म मेव्हण्याच्या, क्रेगच्या, माळ्यावर सापडली. सासूबाईंनी ती कधीच पाहिलेली नाही. त्यांना हल्ली कमी दिसतं, फोनवर काही कळत नाही, मोठा टीव्हीच लागतो. लेसचा चेहरा आता नीट आठवत नाही, असं त्या परवा म्हणाल्या, आणि लोरेन आत जाऊन रडली. मी तिथेच जाहीर केलं की सगळं माझ्यावर सोपवा.

फिल्म दुकानातून डिजिटल करून आणली, ती आता परसातल्या माझ्या शेडमधल्या कॉम्प्युटरवर आहे. तिथून वायफायने थेट बैठकीतल्या टीव्हीवर सोडायची. क्रेग म्हणतो, पेन ड्राइव्हवर घे आणि टीव्हीला मागून खोच. लोक चंद्रावर चाललेत आणि हा खोचतोय.

मंगळवार, १० मार्च.
शेडमध्ये वायफाय फुल! पत्र्याच्या भिंती असूनही. राउटर निवडावा तर मीच.

कॉम्प्युटरने टीव्ही लगेच ओळखला. नाव: 'लिव्हिंग रूम'. बटण दाबलं. 'चालू आहे' असं आलं. पळत घरात गेलो तर टीव्हीवर लोरेनचा बागकामाचा कार्यक्रम. पुन्हा शेड, पुन्हा बटण, पुन्हा बागकाम. तीन वेळा पळालो. व्यायाम झाला, हे वेगळंच.
निदान: टीव्ही हट्टी आहे.

बुधवार, ११ मार्च.
टीव्ही रीसेट केला. लोरेनने साठवून ठेवलेले सगळे कार्यक्रम गेले. ती आपलं ताट घेऊन आतल्या खोलीत जेवली. शांततेत विचार चांगला होतो.

शेजारची ग्लेनिस कुंपणावरून सांगत होती, तिची मालिका ऐन रंगात आली की मध्येच एक बनियनवाला माणूस येतो, कुऱ्हाड चालवतो आणि निघून जातो. बिचारी एकटी राहते. जाऊन तिचा टीव्ही तपासला. अगदी ठणठणीत. असणारच, आमच्यासारखाच तो सेलमधून मीच घ्यायला लावला आणि मीच जोडून दिला. वादळात आमची लाइन तुटली तेव्हा हिने स्वतःचं वायफाय वापरू दिलं होतं, म्हणून मी हे सगळं करतो. बंद करून पुन्हा चालू कर, असं समजावलं.

गुरुवार, १२ मार्च.
अपडेट. चहा. आणखी अपडेट. चहा.
घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते सापडत आलंय. स्वयंपाकघरातून केबल ओढली. लोरेन तीत अडकून पडता पडता वाचली. शेडमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस, म्हणाली. केबल काढली. तिची गरज नव्हतीच.

शुक्रवार, १३ मार्च.
दिवसभर बटण दाबलं. घरात काही नाही.
ग्लेनिस पुन्हा कुंपणाशी. तो माणूस आज सारखा येत होता म्हणे, घामाघूम, आणि दिसायला झकास आहे. बनियनवाला पुरुष! या वयात! लोरेनला काही सांगितलं नाही. कुणाची अब्रू कशाला काढा?

शनिवार, १४ मार्च.
आज मुद्दाम बटणाला हात लावला नाही. यंत्रालाही विश्रांती लागते. तत्त्वतः सगळं बरोबर आहे, तेव्हा उद्या चालणारच.

क्रेग पेन ड्राइव्ह ठेवून गेला. तो कुत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यात टाकला.

संध्याकाळी लोरेन शेडच्या दारात येऊन उभी राहिली. "मर्व्ह, आई उद्यासाठी केस सेट करून आली. बाबा दिसणार म्हणून. नसेल जमत तर आत्ता सांग." मी म्हटलं, निश्चिंत राहा. 

रविवार, १५ मार्च. संध्याकाळ.
सगळे आपापला पदार्थ घेऊन वेळेवर आले. सासूबाई नवा फ्रॉक घालून टीव्हीला अगदी नाक लावून बसल्या. मी शेडमध्ये. बटण दाबलं. 'चालू आहे.' घरात काळा पडदा. पुन्हा दाबलं. क्रेग पेन ड्राइव्ह शोधू लागला. लोरेन बाहेर आली, डोळे भरलेले. मला फार वाईट वाटलं. टीव्हीचा रागही आला.

तेवढ्यात कुंपणापलीकडून ग्लेनिस ओरडली, तो बनियनवाला आलाय, खोटं वाटत असेल तर येऊन बघा!

लोरेनने ग्लेनिसकडे पाहिलं, मग माझ्या कॉम्प्युटरकडे. मला खुर्चीवरून उठवलं आणि वायफायचं नाव मोठ्याने वाचलं. ग्लेनिसचं. वादळापासून शेड तिच्याच वायफायवर चाललीय, आणि मी आठवडाभर लेसला तिच्या बैठकीत पाठवत होतो. दोन्ही टीव्हींना 'लिव्हिंग रूम' हे नावही मीच दिलेलं.  

मग सगळी मंडळी पदार्थांसकट फाटकातून ग्लेनिसकडे गेली. मला जाता येईना, बटण दाबायला कुणीतरी हवंच. शेडच्या खिडकीतून ऐकू येत होतं.  मग सासूबाईंचा आवाज: "हा बघा, हा माझा लेस." मग रडणं, मग हसणं, आणि मग कुंपणावरून लोरेन: पुन्हा लाव. अंधार पडेपर्यंत लावत राहिलो. सॉसेज माझ्यापर्यंत एकही पोचलं नाही.

निघताना सासूबाई काठी टेकत शेडपर्यंत आल्या. लोरेनने त्यांना सगळं सांगितलेलं दिसलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "लेस तुझ्यासारखाच होता. बाहेर मैदान मारून यायचा. घरची लाकडं मात्र मीच फोडायचे."

इतक्या वर्षांत सासूबाईंनी मला पहिल्यांदाच लेसच्या पंक्तीला बसवलं.