हळदीतल्या दोन चाकूंचा निकाल

तीर्थस्वरूप दामूमामा यांस धसईहून भाची सरिताचा साष्टांग नमस्कार.

आमी इकडं सगळी बरी आहोत (एक अंगठा सोडून, ते पुढं येईल). तुमचा खोकला कसा आहे? रागाची चौकशी करत नाय. कालपासून मोबाईल बंद ठेवलात, म्हणजे तो ठणठणीत असणार. म्हणून हे पत्र. मंडपवाल्याचा टेम्पो तुमच्या वैशाखऱ्यावरून जातोय, त्याच्या हाती देते. आपल्या अनिलचं लग्न आज गोरज मुहूर्ताला आहे. नवरदेवाच्या पाठीशी उभा राहायचा मामा हळदीचं न जेवता निघून गेला आणि आई सकाळपासून दर गाडीच्या आवाजाला दारात येते.

आणि भांडण कशावरून? हळद लागलेल्या नवरदेवाच्या हातात लिंबू टोचलेला चाकू असावा, त्याला काय बाधू नये, एवढंच. आईने घरातली सुरी घासून ठेवली होती, पण तिला विचारतंय कोण! बाळारामकाकांनी इथल्या बाजारातून घडीचा चाकू आणला, लाल प्लास्टिकच्या मुठीचा, स्वस्तातला. त्याचं पातं म्हाताऱ्याच्या दातासारखं हलतं. तुमी कल्याणहून आणलात तो काळा, जाडजूड, खिशाला अडकवायची क्लिप असलेला. त्याची किंमत तुमी इतक्यांदा सांगितलीत की बँडवाल्यांना वाटलं आहेर पुकारताहेत. वर त्याला म्हणे गाडीतला पट्टा कापायची खाच आणि काच फोडायचं टोक. आमचा अनिल मोटारसायकल चालवतो मामा, तिला पट्टा नाय न काचही नाय.

मग तुमा दोघांची परीक्षा सुरू झाली (नवरदेव पाटावर पिवळा होऊन बसलाय, त्याच्याकडं कुणाचं लक्ष नाय). तुमच्या चाकूने काथ्या एका ओढीत तुटला. तो मांडवाचा कोपरा धरून होता, हे कापड बँडवाल्या जैतूच्या डोक्यावर आल्यावर कळलं. काकांच्या चाकूने काथ्याला नुसतं खाजवलं. कांद्याला मात्र उलटं झालं. काकांच्या पातळ पात्याने सरळ चकत्या पडल्या आणि तुमचं जाड पातं घातलं तर कांदा ढलपी निघाल्यासारखा फुटला. तुमी म्हणालात, "ह्यो काय कांदा कापायला नाय आणला." काका म्हणाले, "मग काय वाघ मारायला?" बायका हसल्या, तुमी उठलात. बायका तुमाला नाय, दोघांना हसल्या होत्या. मी धरून.

आता निकाल ऐका. जिंकलात तुमी. तुमी गेल्यावर काकांच्या चाकूला लिंबू टोचताना पातं आपोआप मिटलं आणि अनिलचा अंगठा चिरला. हळद लागलेला नवरदेव वेशीबाहेर काढायचा नसतो, त्याला टॉवेल पांघरवून मुरबाडला नेला आणि टाके घालून आणला. काकांनी हार मानली. दामू आला की त्याचे पाय धरतो म्हणतात. आणखी काय पाहिजे तुमाला? मामीला घेऊन लगेच निघा.

तुमची भाची, कालपर्यंत तरी लाडकी,
सरिता

ता. क. वरचा निकाल खोटा आहे. अंगठा तुमच्या चाकूने कापला. तो उघडायचा कसा ते तुमी मांडवभर दाखवलंत आणि उघडाच टाकून गेलात. मिटताना आतली पट्टी अंगठ्याने दाबावी लागते आणि अंगठा नेमका पात्याच्या वाटेत येतो. तिथं मी आणि अनिल दोघंच होतो. तुमी परत यावं म्हणून मीच काकांच्या चाकूचं नाव घेतलं. त्यांनी ते खरं धरलंय. पोराचं बोट आपल्यापायी कापलं म्हणून कोपऱ्यात बसलेत, चहासुद्धा घेतला नाय. मला त्यांच्याकडं बघवत नाय.

आणखी एक. दुपारपर्यंत या, काकांना हाताला धरून पंगतीत बसवा, स्वतः जेवा. चाकूचं अक्षर काढू नका. आणि ते पाय धरायला वाकले तर धरू द्यायचे नाय. धरू दिलेत तर, आईशप्पथ मामा, सगळ्या वऱ्हाडासमोर खरं सांगेन.