सासूबाईंचे सहा हजार

२७ मे, मंगळवार
आजपासून रोजनिशी. कोणी वाचावी म्हणून नाही. चार्लीनने तर मुळीच नाही.

परिस्थिती थोडक्यात. स्विमिंग पूल साफ करायचा माझा धंदा उत्तम चालला आहे, फक्त गिऱ्हाइकं कमी झाली आहेत. पाच क्रेडिट कार्डं काठोकाठ भरली आहेत. दिवाळखोरीचा अर्ज करायचं मी ठरवलं. म्हणजे काल चार्लीनने पाचही बिलं टेबलावर मांडली आणि म्हणाली, वेंडेल, आता मुकाट्याने वकिलाकडे जा. माझ्याही मनात तेच होतं.

एकच गोष्ट तिला माहीत नाही. गेल्या ऑगस्टमध्ये सासूबाईंनी एसीच्या नव्या कॉम्प्रेसरसाठी सहा हजार डॉलर उसने दिले. नेमकी त्याच आठवड्यात एक बोट विक्रीला निघाली. एसीत मी अठरा डॉलरचा नवा फिल्टर घातला, आणि बोट एका गिऱ्हाइकाने बिलापोटी दिली असं सांगितलं. योग्य वेळ आली की खरं सांगणार आहे.

२९ मे, दुपारी
वकीलबाई ब्राकामोंते. ऑफिस लाँड्री आणि टॅटूच्या दुकानाच्या मधोमध. पहिली भेट फुकट, म्हणून एक तास दहा मिनिटं बसलो. सावलीत पार्किंग मिळावं म्हणून गाडी दोन चौक लांब लावली होती. परत येईपर्यंत सावली पलीकडच्या गाडीवर गेली होती. तापलेलं स्टिअरिंग हातमोजे घालून धरलं.

बाईंना माझी केस फार आवडली असावी, कारण त्यांनी तीनदा चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाल्या, असेल नसेल ते सगळं यादीत लिहायचं. घेणेकरी एकूण एक. आणि आजपासून मला विचारल्याशिवाय काही विकायचं नाही, कोणाला एक डॉलर द्यायचा नाही. नातेवाइकांना तर नाहीच नाही.

३ जून
इन्कम टॅक्सचा परतावा आला. सहा हजार एकशे चाळीस.

रात्रभर विचार केला होता. यादीत सासूबाईंचं नाव आलं, की कर्ज कशासाठी घेतलं तेही लिहावं लागणार. पण कर्ज फेडूनच टाकलं तर त्या घेणेकरी राहतच नाहीत. इतकं साधं वकिलांना सुचत नाही. ब्राकामोंतेबाईंना विचारलं नाही. त्या नातेवाइकांबद्दल बोलल्या होत्या. सासूबाई म्हणजे नातेवाईक नव्हेत, त्या सासूबाई आहेत.

सन सिटीला, निवृत्तांच्या वसाहतीत, त्यांच्या घरी गेलो. सासूबाई (ओपल, वय ७६) गोल्फ कार्टमधून बाजार करून येत होत्या. रक्कम दोनदा मोजली, पिशवीत घालून फ्रीजरमध्ये मटारांखाली ठेवली. म्हणाल्या, तू पैसे परत करावेस असं मी देवाजवळही मागितलं नव्हतं. मग विचारलं, एसी कसा आहे रे? मी म्हणालो, थंडगार. त्या म्हणाल्या, मग फोनवर चार्लीनच्या मागे सारखा पंखा का घोंघावतो?

तीक्ष्ण कान आहेत. या वयात कौतुकास्पद.

७ जून
कोर्टाच्या नियमाप्रमाणे पैशांच्या व्यवहाराचा ऑनलाइन कोर्स केला. दीड तास. आपला खर्च ‘गरज’ आणि ‘हौस’ अशा दोन रकान्यांत लिहायचा होता. बोट मी गरजेत लिहिली. चॅटवरच्या समुपदेशक मुलीने विचारलं, सर, आपण राहता कुठे? मी लिहिलं, फीनिक्स. तिने लिहिलं, म्हणजे वाळवंटात?

सर्टिफिकेट मिळालं. फ्रेम केलं. फ्रेम कार्डावर घेणार होतो, चार्लीनने हातातून कार्ड काढून घेतलं.

१३ जून, शुक्रवार
अर्ज दाखल. यादीत बोटीपुढे लिहिलं: ‘मासेमारीचं वापरलेलं साहित्य, ४०० डॉलर.’ यात खोटं काय आहे? मासेमारीला वापरतातच.

२४ जून
पारा ११३ फॅरनहाइट. एसी घरघरतोय. चार्लीन म्हणाली, कॉम्प्रेसर बसवणाऱ्याला बोलव की, पाच वर्षांची गॅरंटी आहे म्हणालास ना. मी म्हणालो, तो युटाला गेला. ती म्हणाली, कंपनी पण गेली? मी म्हणालो, सहकुटुंब.

संकल्प: सुनावणी संपली की रविवारी तिला सगळं सांगायचं.

८ जुलै
११६. एसी बंद पडला. आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या फरशीवर, गळ्याभोवती ओले टॉवेल. चार्लीन काही बोलत नाही. पूर्वी बोलायची तेव्हा बरं होतं.

१५ तारखेला ट्रस्टीसमोर सुनावणी आहे. घरूनच, कॉम्प्युटरवर. ट्रस्टी म्हणजे कोर्टाने माझ्यासाठी नेमलेला माणूस. ब्राकामोंतेबाई फोनवर म्हणाल्या, तुमच्यासाठी नव्हे हो, तुमच्याकडचं काय विकता येईल ते शोधायला. बाई जरा नकारात्मकच आहेत.

एक कल्पना सुचली आहे. सुनावणीला कोणालाही हजर राहता येतं. सासूबाईंना बोलावतो. संकटातही सासूचे पैसे फेडणारा माणूस म्हटल्यावर ट्रस्टीचं मत चांगलं होईल. बाईंना आधी सांगत नाही, त्यांनाही तेवढंच सुखद आश्चर्य.

१५ जुलै, मंगळवार
जसं घडलं तसं लिहितो.

दहा वाजता सुरू. वर टाय, खाली हाफ पँट. कॅमेऱ्याला लायसन्स दाखवलं, हात वर करून खरं बोलायची शपथ घेतली. चार्लीन मागे उभी, गळ्याला टॉवेल. एका चौकोनात ब्राकामोंतेबाई, एकात सासूबाईंचं कपाळ.

ट्रस्टी ऑगडेन म्हणून एक वाळका गृहस्थ. त्याने विचारलं, गेल्या वर्षभरात कोणा नातेवाइकाला पैसे दिलेत का? मी म्हणालो, अभिमानाने सांगतो, दिले. सहा हजार, माझ्या सासूबाईंना, अर्जाच्या दहा दिवस आधी. ब्राकामोंतेबाईंनी चष्मा काढला आणि परत घातलाच नाही.

ऑगडेन म्हणाला, मग ते परत घ्यावे लागतील. इतर घेणेकऱ्यांना डावलून घरच्या माणसाला आधी देता येत नाही. सासूबाईंचं कपाळ हललं. त्या म्हणाल्या, परत? अहो, त्या पैशांतून मी माझ्या घरी नवा एसी बसवला. ऑगडेनने मान हलवली. सॉरी बाई, कायदा आहे. आणि ती रक्कम परत गेल्यावर तुम्हीही घेणेकरी ठरता. घेणेकऱ्यांना अर्जदाराला प्रश्न विचारता येतो. तुम्हाला काही विचारायचंय?

सासूबाई म्हणाल्या, एकच. वेंडेल, मी तुला पैसे एसीसाठी दिले होते. तुझा एसी कुठे आहे?

मी म्हणालो, प्रश्नाची वेळ योग्य नाही. ऑगडेन म्हणाला, तुम्ही शपथेवर आहात. ब्राकामोंतेबाई हळूच म्हणाल्या, खरं सांगा हो, पाया पडते.

घामाने टाय भिजला होता. मागे चार्लीनच्या टॉवेलातून फरशीवर पाणी ठिबकत होतं. मी सांगितलं. फिल्टर अठरा डॉलर, बोट सहा हजार, गिऱ्हाईक नव्हतंच. ऑगडेनने विचारलं, ही बोट यादीत कुठे आहे? मी म्हणालो, मासेमारीचं साहित्य. त्याने बराच वेळ काहीतरी लिहिलं.

वळून पाहिलं तर चार्लीन नव्हती. बेडरूममधून बॅगेच्या चेनचा आवाज आला. जाताना एवढंच म्हणाली, अकरा महिने मी त्या फिल्टरपुढे बसून म्हणत होते, काय गार वाटतंय. तुला बरं वाटावं म्हणून.

मला हे माहीत नव्हतं. फार लाज वाटली. अजून वाटते आहे.

१७ जुलै
११७. ट्रस्टीचा माणूस बोट घेऊन गेला. चार हजार येतील म्हणाला. पूर्वी याचं दुःख झालं असतं.

चार्लीन सन सिटीला, आईकडे. तिथे ७४ डिग्रीवर एसी चालू असतो. मी बिघडलेला एसी स्वतः उघडला. शॉक बसला, किरकोळ.

१९ जुलै, शनिवार
काल रात्री सासूबाईंचा फोन. म्हणाल्या, त्या ट्रस्टीला मी महिन्याच्या हप्त्यांनी पैसे देणार आहे, या वयात. तेव्हा तू दर शनिवारी सकाळी सहाला येऊन माझ्या अंगणातली खडी सारखी करायची आणि निवडुंगाखालचा कचरा काढायचा. मी म्हणालो, कायद्याने मी तुम्हाला देणं लागतो तेही माफ होणार आहे. त्या म्हणाल्या, बरं. मग सहाला ये.

पावणेसहाला पोचलो. स्वेच्छेने. खडी सारखी करायला घेतली. बोटात काटे गेले, सात. आठ वाजता चार्लीन बाहेर आली, पाण्याची बाटली कठड्यावर ठेवली. अंगावर स्वेटर होता. सासूबाई एसी फार गार ठेवतात.

मी तिला विचारलं, घरी कधी येशील? प्लॅन वगैरे काही सांगितला नाही, माझ्याकडे नव्हताच. तिने विचारलं, एसी? मी म्हणालो, बंद. खरं तेच सांगितलं. तिने स्वेटरच्या बाह्या वर सरकवल्या. मग म्हणाली, थंडी पडली की येते.

फीनिक्समध्ये थंडी नोव्हेंबरात पडते. खडी अजून निम्मी बाकी होती. बाटली संपवली आणि कामाला लागलो.