आखाजीची हजेरी

जळगाव,
दि. ९ एप्रिल २०२६

तीर्थस्वरूप चुडामणभाऊ,
धाकट्या ज्ञानाचा नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत. आमच्या मयुरीची बारावी आटोपली. वहिनींनी एसटीच्या कंडक्टरकडे दिलेले ज्वारीचे बिबडे पोचले. घरातल्या एका माणसाचा तरी माझ्यावर राग नाही, एवढं त्यावरून कळलं.

दोन महिने मी तुमचा फोन उचलला नाही. तुमचा जबाब होईपर्यंत बोलणं आमच्या पेशात बसत नव्हतं. तो परवा झाला, तुम्ही काहीही लपवलं नाही, असं वहिनी म्हणाल्या. म्हणून आज लिहितो.

तुमच्या मजूर संस्थेचा तपास आमच्या कार्यालयाकडे आला, तेव्हा कारकून तुम्ही आहात हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही कापसाच्या जिनिंगमध्येच आहात असं मी धरून चाललो होतो. नाला खोदायला गेल्या एप्रिलमध्ये दोनशे अकरा मजूर, असं हजेरीपत्रक. कॉम्प्युटरने सगळं तपासलं. बेरजा जुळत होत्या, बँकेचे उतारेही. वीस वर्षं मी हिशेबात दडवलेलं शोधतो आहे, पण एवढे स्वच्छ कागद क्वचित पाहिले.

मग तीस तारखेवर बोट थांबलं. त्या दिवशी आखाजी. आणि दोनशे अकराच्या दोनशे अकरा हजर!

पुण्या-मुंबईच्या माणसाला ती अक्षय्य तृतीयेची साधी तारीख वाटली असती. मी त्या नाल्याच्या गावात जाऊन हजेरीतल्या भागाबाईंना विचारलं, आखाजीला कामावर होतात का? त्या हसायलाच लागल्या. "आखाजीले कामले कोन जास भाऊ? मी ते माहेरले व्हतू. मना अंगठा काय एकलाच कामले गया का?"

तिथून सगळं उकलत गेलं. नाला खोदलाच नव्हता.

परत येऊन ते पान पुन्हा पाहिलं आणि अक्षर ओळखलं. पाटीवर माझा हात धरून गिरवून घेतलेलं अक्षर मी कसा विसरेन?

आता जे लिहायचं टाळतो आहे ते लिहितो. नातं निघालं की त्याच दिवशी वरिष्ठांना कळवून काम सोडायचं, हा आमचा नियम. नव्या मुलांना तो मीच शिकवतो. पण भाऊ, मी ते पान गठ्ठ्याच्या तळाशी सरकवलं आणि दोन दिवस गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी सगळं लेखी दिलं, ते दोन दिवससुद्धा. काम ऋतिका नावाच्या मुलीकडे गेलं. माझीही चौकशी चालू आहे. जो निकाल लागेल तो मला मान्य आहे.

पण त्या दोन दिवसांत मी ते पान शंभरदा तरी पाहिलं असेल. रामनवमीला तुम्ही खाडा मांडला होता. हनुमान जयंतीलाही. फक्त आखाजीला नाही. आबा गेल्यापासून दर आखाजीला पितरांची घागर तुम्ही भरता. त्या दिवशी मला कधी पेन्सिलही धरू दिली नाहीत. तो माणूस आखाजी विसरेल?

संस्थेच्या चेअरमनसमोर तोंड उघडता आलं नसेल, म्हणून तुम्ही हे मुद्दाम लिहून ठेवलंत. कागद कोणाच्या हाती पडेल हे ठाऊक नसताना, आपल्याकडचा कोणीतरी वाचेल एवढ्या भरवशावर. आणि तो माझ्याच हाती आला. हे मनात आलं की मी अजूनही थक्क होऊन बसतो. देवाचा हिशेब मला तपासता येत नाही. मी नुसते हात जोडतो.

की मीच भावाच्या मायेपोटी असा अर्थ लावतो आहे? खरं तुम्हालाच ठाऊक.

दहा दिवसांवर आखाजी आली. मी सकाळच्या गाडीने अमळनेरला उतरेन. उत्तर लिहू नका. घागरीजवळ माझा पाट मांडलेला असेल तर आत येईन. नसेल तर ओट्यावरूनच आबांना नमस्कार करून परत फिरेन, मनात काही न ठेवता.

तुमचं अक्षर ओळखणारा,
ज्ञाना