डेक्स्टरची बिटर आणि माझे तळघर

मी, विनिफ्रेड ओल्डरॉइड, वय ७९, कै. अर्नेस्ट ओल्डरॉइड यांची पत्नी, ‘नांगर’ पबची मालकीण, राहणार हॅगथ्वेट, यॉर्कशायर, लिहून ठेवते की, गुडघे गेले असले तरी माझे डोके ठिकाणावर आहे. हे मी कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. माझ्यावर दडपण आणणारा अजून जन्मायचा आहे. आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. बँकेतील शिल्लक व घरातील चीजवस्तू माझी मुलगी रोझलिंड हिला द्याव्यात. चांदीची किटली मात्र नणंद म्युरिएलच्या हाती लागू नये. माझ्या लग्नात ती ‘पोरगी थोराड आहे’ म्हणाली होती.

२. रोझलिंडचा नवरा डेक्स्टर अमेरिकन. ऑरेगॉनात बिअर बनवतो आणि तिला ‘अस्सल इंग्लिश बिटर’ म्हणवतो. बिटर म्हणजे आमची रोजची कडसर बिअर. अर्नेस्ट ती स्वतः बनवायचा. कृती त्याने मला जन्मात सांगितली नाही. तो गेला, चवही गेली. नाताळात जावईबापू आपल्या बिटरचे डबे घेऊन आले आणि थेट माझ्या फ्रिजात कोंबले.

“आई, चाखून तर बघा!”

“दात पाडायचेत का माझे?”

“थंडच छान लागते.”

“लागणारच. चव कुठे कळते!”

घोट घेतला. जिभेला मुंग्या, नाकात पपनस, वर फरशी पुसायच्या औषधाचा वास. “ही बिटर असेल तर मी सोळा वर्षांची,” असे सर्वांसमोर सुनावून भरला ग्लास मी तळघराच्या पायरीवर नेऊन ठेवून दिला. डेक्स्टरचे तोंड एवढेसे झाले. मला बरे वाटले.

३. दुसऱ्या दिवशी पिंपे बघायला उतरले, तर ग्लास तिथेच. ओतण्याआधी पुन्हा एकदा नावे ठेवावीत म्हणून घोट घेतला. फेस बसला होता, गारठा उतरून तळघराइतका झाला होता. पपनसही मेले होते. जिभेच्या मागे उरला तो करपलेल्या पावाच्या कडेसारखा कडसरपणा. अर्नेस्टचा. मी पायरीवरच बसले आणि रडले.

रोझलिंडला खोदून विचारले, तेव्हा म्हणाली, “बाबांनीच त्याला शिकवलं, आजारी असताना. म्हणाले, तुझ्या आईला सांगितलं तर ती त्यात सुधारणा करत बसेल.”

मेल्या, जन्मभर तुझी पिंपे मी धुतली! मला त्याच्याच शेजारी पुरावे, पण तोंड दुसरीकडे करून.

४. ‘नांगर’ पब, तळघर, पिंपे व पिंपातून बिअर वर ओढायचा हातपंप डेक्स्टरला द्यावेत. अट एकच: बिटर तळघरातून हातपंपानेच यावी. फ्रिजात गेली, तर पब म्युरिएलचा.

५. मी जिवंत असेपर्यंत हे डेक्स्टरला कळू नये, डोक्यावर बसेल. मी त्याचा एकेक डबा तळघरात उघडून ठेवते, हेही कळू नये. डबे संपत आले आहेत. रोझलिंडने स्वतःला हवेत असे सांगून आणखी मागवावेत.

आमच्यादेखत वाचून, दोनदा शिव्या देऊन सही केली.
सही: विनिफ्रेड ओल्डरॉइड
साक्षीदार: बर्ट्रम हेपवर्थ, खाटीक, डोरीन स्लेटर, शिवणकाम
हॅगथ्वेट, ११ फेब्रुवारी २०१९