सीटची उंची

२ मार्च
ठरलं. लेकीच्या नव्या घरी मोटरसायकलनेच जायचं. दोन हजार किलोमीटर, आम्ही दोघं. निरोप समारंभात अख्ख्या ऑफिससमोर जाहीर केलंय आणि त्या लोकांनी भेट म्हणून रायडिंग जॅकेट दिलंय, त्यामुळे आता माघार नाही. निघायचं ५ एप्रिलला. हिची रजाही मंजूर झाली. राहिलं काय, तर मोटरसायकल घ्यायची. आठवड्याचं काम.

४ मार्च
उमेदवार दोन. एक, कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरची जुनी. पंधरा वर्षं वापरलेली, वजनाने रणगाडा, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या. दुसरी शोरूममधली नवी. स्क्रीन, क्रूझ कंट्रोल, पावसासाठी वेगळा मोड, गरम होणारं हँडल. ही म्हणाली, मागची सीट कुठलीची बरी आहे तेही बघा. मागे बसणाऱ्याला काय करायचंय, नुसतं तर बसायचं. असल्या फालतू गोष्टींत मी शिरत नाही.

७ मार्च
शोरूम. नव्या गाडीवर बसलो. हल्लीच्या कंपन्यांना अक्कल नाही. सीट इतकी उंच की पायांचे फक्त अंगठे टेकतात. सेल्समन म्हणे, सर, एक पाय टेकला तरी पुरतो. मी काय बगळा आहे? सीट नॉर्मल माणसासाठी हवी. मी नॉर्मल आहे. लग्नाच्या फोटोत हिच्या शेजारी मी पायरीवर उभा आहे, ती फोटोग्राफरची हौस होती.

११ मार्च
रायडर्सच्या ग्रुपवर लिहिलं, नव्या गाड्या म्हणजे चाकं लावलेले मोबाईल. 'हायवेचा राजा' नावाच्या कुणा टोणग्याने विचारलं, काका, तुमची उंची किती? तळपायाची आग मस्तकात गेली. ग्रुप सोडला.
संध्याकाळी परत ग्रुपमध्ये शिरलो. उत्तर सुचलं होतं.

१४ मार्च
बूटवाल्याकडून रायडिंग बुटांना दोन इंची सोल लावून घेतले. उंचीचा काही संबंध नाही. जाड सोलमुळे इंजिनची धग लागत नाही.

१६ मार्च
नवीची टेस्ट राइड. पाय टेकले, पण गाडी बंडल. पहिल्या गिअरच्या पुढे जाईच ना. गिअरच्या दांड्याखाली बूट शिरत नाही, कारण कंपनीने दांडाच चुकीच्या जागी बसवलाय. तीन चौक इंजिन किंचाळत गेलं. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. एक सायकलवाला पुढे निघून गेला. परत आलो तर सेल्समन नुसता माझ्या बुटांकडे बघतोय. गाडीला एकच गिअर आहे, असं मॅनेजरला तोंडावर सांगून आलो.

२२ मार्च
जुनीच घेणार. सीट समजूतदार आहे. डॉक्टरच्या फाटकातून बाहेर काढताना उजवा सोल मुडपला आणि गाडी आडवी झाली. पडली नाही, मी तिला सावकाश झोपवलं. उतारावर फाटक बांधतं का कोणी, असं डॉक्टरला सुनावलं. मग आम्ही दोघं बराच वेळ ओढत होतो. हलेना. तेवढ्यात ही ऑफिसमधून येत होती. पर्स फाटकाला अडकवली, गाडीकडे पाठ करून खाली वाकली, हँडल धरलं आणि मागे रेटत रेटत गाडी उभी केली. वर सीटवर बसूनही बघितलं. दोन्ही टाचा जमिनीला.
लग्नाआधी वडिलांची मोटरसायकल चालवायची म्हणे. लायसन्सही आहे म्हणे. मला हे कधी कुणी सांगितलं नाही. ही म्हणते सांगितलं होतं, मी तेव्हा बोलत होतो.

२८ मार्च
लेकीला फोन केला. यंदा ऊन फार आहे, पुढच्या वर्षी बघू म्हणालो. ती म्हणाली, वरची खोली रंगवून घेतलीय, आणि बाबा मोटरसायकलवरून येणार असं सगळ्या गल्लीला सांगितलंय. फोन हिच्याकडे दिला. वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा आणखी राग आला. सगळा दोष शोरूमचा आहे.

३१ मार्च
हिने जुनी घेतली. मला न विचारता. माझा महिनाभराचा अभ्यास, आणि हिने येता येता चावी आणली. कशावरून ठरवलंस म्हणून खडसावलं, तर म्हणाली, मागची सीट रुंद आहे.

५ एप्रिल, दुपार. पेट्रोल पंप
निघालो. जॅकेट घातलंय. बुटांचे जादा सोल काढून टाकले. ही वळणावर गाडी फार वाकवते. मी मागून सूचना देतोय, पण हेल्मेटमध्ये ऐकू येत नाही म्हणते. ग्रुपवर फोटो टाकला. गाडी स्टँडवर, माझा हात हँडलवर. हायवेच्या राजाने विचारलंय, काका, फोटो काढणारं कोण? या माणसाला काही कामधंदा नाही. उत्तर देणार नाही.
ही हॉर्न वाजवतेय. जातो.
मागची सीट खरंच रुंद आहे. दोन्ही पाय फूटरेस्टवर नीट टेकतात.