रिकामा लूप

१४ मार्च

धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं बरं आहे. खिडकीची कडी बसवून घेतली. बाबांची खाट वरच्या मजल्यावरचे घेऊन गेले, त्यामुळे खोली उगाच मोठी वाटते. तुझी सर्दी गेली का? औषधाचा आळस करू नकोस.

'शेवटच्या दिवसांत बाबांनी मला एकदाही बोलावलं नाही,' असं तू लिहिलंस. त्या वाक्यापाशी अडकले आणि उत्तर टाळत राहिले.

बाबांचा जुना कॉम्प्युटर झाकून ठेवण्याआधी काल एकदा चालू केला. त्यांची वाचा गेल्यावर मी बेसिक भाषेत लिहिलेला प्रोग्राम अजून त्यात आहे. पाणी, उशी, दिवा, पंखा असे शब्द एकेक करून उजळायचे. हवा तो आला की बाबांनी बटण दाबायचं. सगळ्यात शेवटी 'धाकटा', आणि मग पुन्हा पहिल्यापासून, पाणी. माझा शब्द घातलाच नव्हता. मी उशाशीच बसलेली असायचे.

सुट्टीत आलास तेव्हा म्हणालास, ताई, ही तर गोगलगाय आहे. दोन दिवस खपून तू तिला पळवलंस. सारख्या लागणाऱ्या ओळी वर नेल्यास, कारण बेसिक दर वेळी पहिल्या ओळीपासून शोधत येतं, हे बाबांनीच त्यांच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवलेलं. मधे एक रिकामा लूप होता, नुसते आकडे मोजणारा. "हा काहीच करत नाही," म्हणून तू तो उडवलास. तो बाबांच्या बोटासाठी थांबत होता रे. तसा शेरा मी त्या ओळीशेजारी लिहिला नव्हता. शेऱ्यांनी प्रोग्राम मंदावतो, हेही बाबांचंच. शब्द सरसर पळायला लागले तेव्हा ते किती हसले होते. मलाही तुझं कौतुकच वाटलं.

तू गेल्यावर ते दिवा मागायचे, आणि लावला की डोळे मिटून घ्यायचे. डॉक्टर म्हणाले, आता असा भ्रम व्हायचाच. पाणी तर सारखंच. मी चमचा ओठांशी न्यायचे, ते तोंड फिरवायचे, आणि पुन्हा बटण, पुन्हा पाणी. एकदा वैतागून मी म्हटलं, "बाबा, हवंय की नकोय, एकदाचं ठरवा." त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

काल मी त्यांच्यासारखं बोट जड करून बसले. 'धाकटा' उजळला तसं बटण दाबायला गेले. बोट टेकेपर्यंत पाणी आलेलं होतं. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा पाणीच.

हे तुला कळवू नये असंच वाटत होतं. तू मनाला लावून घेशील. पण त्यांनी बोलावलंच नाही असं समजून तू जन्म काढावास, हेही मला बघवणार नाही. तू ते त्यांच्या आनंदासाठी केलंस, आणि त्यांना आनंद झालाही. पेला घेऊन मीच उभी होते ना समोर.

लूप परत घातला आहे. तुझा शब्द आता बराच वेळ उजळलेला राहतो. जमेल तेव्हा ये.

त्यांना तहान नव्हती रे.

तुझी
ताई